स्वप्न कोणाचे? : ‘द व्हर्जिन सुइसाइड्स’मधील ‘आम्ही’ आणि ‘आपण’

१

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी ‘आम्ही’ आणि ‘आपण’ अशी दोन सर्वनामे आहेत आणि त्यांतील भेद मराठी भाषकाला शिकवावा लागत नाही. ‘आम्ही उद्या निघतो’ असे म्हणणारा ऐकणाऱ्याला वगळतो. ‘आपण उद्या निघू’ असे म्हणणारा त्याला सोबत घेतो. द्राविडी भाषांच्या सान्निध्यातून हा भेद मराठीत स्थिरावला, असे भाषावैज्ञानिक मानतात. इंग्रजीत हा भेद नाही. तेथे एकच सर्वनाम दोन्ही कामे करते आणि श्रोता आत आहे की बाहेर हे संदर्भावर सोपवते. व्याकरणातील ही लहानशी बाब एका अमेरिकन कादंबरीच्या आणि तिच्यावर आधारलेल्या चित्रपटाच्या वाचनात मात्र निर्णायक ठरते.

जेफ्री युजेनिडीझ यांची ‘द व्हर्जिन सुइसाइड्स’ ही पहिली कादंबरी १९९३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावरून सोफिया कोपोला यांनी त्याच नावाचा चित्रपट केला. दिग्दर्शिका म्हणून तो त्यांचाही पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट होय. १९९९ च्या मे महिन्यात कान येथील महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला व पुढील वर्षी अमेरिकेत प्रदर्शित झाला. गेल्या पंचवीस वर्षांत मुलींच्या किशोरवयावरील चित्रपटांचा विचार या चित्रपटाला वगळून होत नाही. ‘स्वप्नवत’, ‘उदास’, ‘तरल’ ही विशेषणे त्याला जणू कायमची चिकटली आहेत. ती चुकीची नाहीत. परंतु ती वापरताना एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. हे स्वप्न पाहतो कोण? चित्रपटातील स्वप्नमयता ही मुलींच्या मनाची अवस्था आहे, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात ती मुलींकडे पाहणाऱ्यांच्या स्मृतीची अवस्था आहे. या दोहोंतील अंतर ओळखले नाही, तर चित्रपटाचा आशयच उलटा होतो, आणि किशोरवयीन मुलीविषयीच्या कोणत्याही संहितेच्या वाचनात हीच चूक पुन्हा पुन्हा घडू शकते.

२

कथानक थोडक्यात असे आहे. काळ १९७० च्या दशकाच्या मध्याचा; स्थळ मिशिगन राज्यातील डेट्रॉइट शहरालगतचे सुखवस्तू गोऱ्यांचे उपनगर. लेखक युजेनिडीझ स्वतः अशाच उपनगरात, ग्रोस पॉइंट येथे वाढले. शाळेत गणित शिकवणारे लिस्बन, त्यांची धर्मनिष्ठ कॅथलिक पत्नी आणि त्यांच्या पाच मुली : सिसिलिया, लक्स, बॉनी, मेरी आणि थेरेस. सर्वांत धाकटी सिसिलिया तेरा वर्षांची, थोरली थेरेस सतरांची. सिसिलिया प्रथम जीव देण्याचा प्रयत्न करते, वाचते आणि थोड्याच काळात दुसऱ्या प्रयत्नात मरण पावते. उरलेल्या चौघींना शाळेच्या वार्षिक नृत्यसमारंभाला जाण्याची परवानगी एकदाच मिळते. त्या रात्री लक्स वेळेत घरी परतत नाही. परिणामी आई चौघींनाही शाळेतून काढते आणि घराचे दार बंद होते. अखेर एका रात्री त्याही जग सोडतात.

ही कथा मुली सांगत नाहीत. आईवडील सांगत नाहीत. सर्वज्ञ निवेदकही सांगत नाही. ती सांगतात समोरच्या घरांतील मुले, जी आता मध्यमवयाकडे झुकलेले पुरुष आहेत. अनेक वर्षांनंतरही त्यांनी लिस्बन मुलींच्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. कादंबरीत या वस्तूंना न्यायालयातील पुराव्यांप्रमाणे क्रमांक दिले आहेत. शेजारी, शिक्षक, मुलींचे आईवडील यांच्या मुलाखती घेतल्या आहेत. एवढा खटाटोप करूनही शेवटी त्यांच्या हाती उत्तर येत नाही. निवेदक आरंभापासून अखेरपर्यंत अनेकवचनात बोलतो. त्या अनेकवचनात नेमकी किती मुले आहेत, बोलणारा त्यांतील कोण आहे, हे कधीच स्पष्ट होत नाही.

ही कादंबरी मराठीत आणू पाहणाऱ्या भाषांतरकाराला पहिल्याच पानावर निर्णय घ्यावा लागेल. ‘आम्ही’ की ‘आपण’? ‘आम्ही’ लिहिले तर मुले एका बाजूला, मुली दुसऱ्या बाजूला आणि वाचक तिसऱ्या बाजूला राहतो. तो मुलांचे ऐकतो, पण त्यांच्यात सामील होत नाही. ‘आपण’ लिहिले तर वाचकही त्या खिडकीशी उभा राहतो, दुर्बीण त्याच्याही हाती येते. कादंबरीचा एकूण सूर पाहता ‘आम्ही’ हेच योग्य ठरेल. मुलांच्या कथनात इतका काटेकोरपणा, इतकी कागदपत्रांची हौस आणि इतके अज्ञान एकत्र नांदते, की वाचक हळूहळू त्यांच्यापासून दूर सरतो. उपरोध येथे या अंतरातूनच निर्माण होतो.

सिसिलियाच्या रोजनिशीचा प्रसंग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ती रोजनिशी मुलांच्या हाती लागते आणि तिचे पारायण सुरू होते. कादंबरीत निवेदक नोंदवतो, की सिसिलिया स्वतःविषयी व बहिणींविषयी एकाच देहाविषयी बोलावे तसे लिहिते. कोणती गोष्ट कोणत्या बहिणीची हे कळणे कठीण जाते. म्हणजे या कथेत दोन ‘आम्ही’ आहेत. एक मुलांचा, जो अखंड बोलतो. दुसरा मुलींचा, जो एका वहीत बंद आहे आणि तोही मुलांच्या वाचनातूनच बाहेर येतो. ती वही वाचून मुले असा निष्कर्ष काढतात की मुलगी असणे ही कैद आहे हे त्यांना आता उमगले, आणि मुलींना प्रेम व मृत्यू दोन्ही कळतात. हे वाक्य सहानुभूतीचे वाटते. पण ते रोजनिशीतील नाही, वाचकांचे आहे.

३

चित्रपटात हा ‘आम्ही’ कसा येतो? पडद्यामागून एका प्रौढ पुरुषाचा आवाज ऐकू येतो. तो आवाज जोव्हानी रिबिसी या नटाचा आहे. पडद्यावर दिसणाऱ्या मुलांपैकी कोणाचा तो आहे, हे सांगितले जात नाही. मात्र आवाजापेक्षाही मोठे काम छायाचित्रण करते. एडवर्ड लाकमन यांच्या कॅमेऱ्याने टिपलेला मावळतीचा सोनेरी उजेड, भिंगात शिरलेल्या सूर्यकिरणांचे झगमगते डाग, निळ्या आकाशावर उमटलेला लक्सचा चेहरा आणि त्यातून मिचकावलेला एक डोळा, शाळकरी मुलीच्या अक्षरात पुन्हा पुन्हा लिहिले जाणारे चित्रपटाचे नाव, ‘एअर’ या फ्रेंच संगीतकारद्वयाचे संथ, धूसर संगीत. हे सर्व पाहताना प्रेक्षकाला वाटते, की मुलीच्या अंतर्विश्वाचे दार त्याच्यापुढे उघडले आहे.

परंतु ही दृश्ये केव्हा येतात ते पाहिले पाहिजे. ती येतात मुले रोजनिशी वाचत असताना, मुले खिडकीतून पाहत असताना, प्रौढ निवेदक आठवत असताना. सोनेरी शेतात हसणाऱ्या, केस उडवणाऱ्या बहिणी या रोजनिशीच्या मजकुरातील नाहीत. त्या वाचणाऱ्यांच्या डोक्यातील आहेत. त्या काळच्या जाहिरातींशी व दिनदर्शिकांवरील छायाचित्रांशी या प्रतिमांचे असलेले साम्यही आकस्मिक म्हणता येणार नाही. मुलांजवळ मुलीची कल्पना करण्यासाठी जी सामग्री होती, तीच कॅमेऱ्याने वापरली आहे. निवेदनशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर येथे दृष्टिकेंद्र मुलांचे आहे. पाहिली जाणारी मुलगी आहे, पाहणारी नव्हे.

प्रवासाच्या माहितीपत्रकांचा प्रसंग याचा सर्वांत स्पष्ट दाखला होय. घरात कोंडलेल्या बहिणी दूरदेशींच्या सहलींची माहितीपत्रके मागवतात. मुलेही तीच पत्रके मागवतात आणि मनाने त्यांच्याबरोबर प्रवास करू लागतात. पडद्यावर त्या काल्पनिक सहलींची छायाचित्रे दिसतात. मुले आणि मुली परक्या मुलखांत एकत्र हसत उभी आहेत. बाहेर पडण्याची इच्छा मुलींची होती. मुलांच्या मनात शिरताच ती त्यांच्यासोबत सहलीला जाण्याची इच्छा होते. एका व्यक्तीचे स्वप्न दुसऱ्याच्या मालकीचे कसे होते, हे यापेक्षा नेमकेपणाने दाखवणे कठीण.

येथेच कादंबरी आणि चित्रपट यांतील मूलभूत फरक ध्यानात येतो. वाचकाला ‘आम्ही’पासून दूर उभे राहता येते, कारण शब्द आणि वाचक यांमध्ये विचाराला जागा असते. चित्रपटात प्रेक्षकाचा डोळा आणि कॅमेऱ्याचा डोळा एकच असतो. मुलांनी जे पाहिले तेच प्रेक्षक पाहतो, तितक्याच अनावर ओढीने पाहतो. कादंबरीतील ‘आम्ही’चा चित्रपटात ‘आपण’ होतो. हा दोष आहे असे घाईने म्हणू नये. प्रेक्षकाला मुलांच्या गटात ओढून घ्यायचे आणि मग तो गट काय करतो हे त्यालाच पाहायला लावायचे, ही चित्रपटाची रीत आहे.

४

‘वयात येणे’ हा मराठीतील वाक्प्रचार या संदर्भात तपासून पाहण्याजोगा आहे. ‘मुलगी वयात आली’ असे मुलगी म्हणत नाही. घर म्हणते, शेजार म्हणतो. ते म्हटले गेल्याक्षणी तिच्या जाण्यायेण्यावर, बसण्याउठण्यावर डोळे लागतात. मुलगा वयात येतो तेव्हा त्याला घराचे दार उघडे होते, मुलगी वयात येते तेव्हा ते बंद होते, हा अनुभव या वाक्प्रचारात साठला आहे. पाश्चात्त्य साहित्यातील वयात येण्याच्या कथांचा रूढ साचा मात्र मुलाला डोळ्यांपुढे ठेवून घडलेला आहे : घर सोडणे, जग पाहणे, भ्रमनिरास होणे, स्वतःला ओळखणे. मुलीची कथा या साच्यात बसवू गेल्यास पहिल्याच पायरीशी अडते, कारण तिला घर सोडता येत नाही.

लिस्बन मुलींची कथा अशीच अडलेली आहे. आईने शिवलेले नृत्यसमारंभाचे चारही झगे एकाच बेताचे, अंगाला कोठेही न लागणारे आहेत. त्यांत चार मुली चार वेगळ्या व्यक्ती म्हणून दिसू नयेत, हीच योजना. गंमत अशी, की आई आणि मुले यांचे हेतू पूर्ण विरुद्ध असूनही परिणाम एकच होतो. आईच्या भीतीला पाचही मुली सारख्याच. मुलांच्या ओढीलाही त्या सारख्याच. वडील हरवलेले, सौम्य गृहस्थ आहेत. शाळेच्या मार्गिकेत ते कुंडीतील झाडांशी प्रेमाने गप्पा मारतात, पण मुलींच्या बाजूने एक वाक्य उच्चारणे त्यांना साधत नाही. लक्स आईला स्वतःची घुसमट सांगते, तेव्हा ती येथे सुरक्षित आहे एवढेच उत्तर मिळते. सर्व काही संपल्यावर आईचे म्हणणे असे, की तिच्या घरात प्रेमाची वाण कधीच नव्हती. ती खोटे बोलत नाही, आणि तिच्या घराची शोकांतिका नेमकी यातच आहे. त्या घरात प्रेम होते. मुलींचे म्हणणे ऐकून घेण्याची जागा नव्हती.

इस्पितळातील डॉक्टर सिसिलियाला समजावू पाहतात, की जीवन किती वाईट असू शकते हे कळण्याइतकी ती मोठी नाही. यावर ती शांतपणे सुचवते, की डॉक्टर कधी तेरा वर्षांची मुलगी नव्हते. हे उत्तर चित्रपटातील सर्वाधिक प्रसिद्ध वाक्य ठरले आहे, ते बहुधा त्यातील चटकदारपणामुळे. त्यात खरे म्हणजे संपूर्ण निवेदनव्यवस्थेवरची टीका आहे. डॉक्टरांप्रमाणे कथा सांगणारी मुलेही तेरा वर्षांची मुलगी कधीच नव्हती.

परिसराचाही येथे विचार करावा लागतो. उपनगरातील एल्म वृक्षांना बुरशीजन्य रोग जडला आहे. भुंगेऱ्यांमार्फत पसरणाऱ्या या रोगाला ‘डच’ म्हणतात ते नेदरलँड्समधील संशोधनात त्याचा उलगडा झाला म्हणून. रोग पसरू नये यासाठी नगरपालिकेची माणसे एकेक झाड तोडत चालली आहेत. लिस्बनांच्या अंगणातील झाड तोडायला माणसे येतात तेव्हा बहिणी धावत येऊन त्याभोवती कडे करतात. रोग रोखण्यासाठी निरोगी फांद्याही छाटायच्या, ही रीत घराबाहेर आणि घरात सारखीच आहे. कादंबरीत या पडझडीला आणखी एक पदर आहे. १९६७ च्या जुलैतील उद्रेकानंतर डेट्रॉइटमधून गोऱ्या वस्तीचे निघून जाणे वेगाने वाढले, मोटारउद्योगाला उतरती कळा लागली. उपनगराची शांतता शहराकडे पाठ फिरवून मिळवलेली होती. चित्रपटात हा पदर बराच पुसट झाला आहे.

५

प्रेक्षकाला ‘आपण’मध्ये ओढून घेणारा चित्रपट काही मोजक्या ठिकाणी त्याला तेथून बाहेरही काढतो. त्याचे खरे सामर्थ्य या जागांत आहे.

पहिली जागा नृत्यसमारंभानंतरच्या पहाटेची. शाळेतील सर्वांचा लाडका ट्रिप फाँटेन आणि लक्स यांना समारंभात राजाराणीचे मुकुट मिळालेले असतात. रात्री दोघे फुटबॉलच्या मैदानावर थांबतात. पहाटे लक्सला जाग येते तेव्हा ट्रिप निघून गेलेला असतो. सोनेरी रंग येथे पूर्णपणे नाहीसा होतो. निळसर, थंड उजेडात भल्या मोठ्या मैदानावर एक लहानशी आकृती उठून बसते, स्वतःला सावरते. नंतर टॅक्सीच्या खिडकीतून ती बाहेर पाहत असते. कादंबरीत ही रात्र ट्रिपच्या नंतरच्या कथनातून मुलांपर्यंत पोहोचते. चित्रपटातही प्रौढ ट्रिप त्या रात्रीविषयी बोलतो. परंतु लक्सच्या जागे होण्याच्या क्षणी तो तेथे नव्हता, आणि मुलेही नव्हती. हे दृश्य कोणाच्याच आठवणीतील नाही. येथे कॅमेरा मुलांचा हात सोडून लक्सजवळ थांबतो. स्वप्नाचा रंग जातो तेथेच मुलगी प्रथम दिसते, ही चित्रपटातील सर्वांत अर्थपूर्ण मांडणी होय.

दुसरी जागा दूरध्वनीची. मुली घरात बंद असताना मुले दूरध्वनी लावतात आणि काही न बोलता तबकडी वाजवतात. थोड्या वेळाने मुलीही उलट दूरध्वनी करून एक तबकडी वाजवतात. गाण्याला गाण्याचे उत्तर मिळत जाते. शब्द दोन्हीकडे उसने आहेत, तरी या संपूर्ण कथेत दोन्ही बाजूंनी चाललेला हाच काय तो खरा संवाद. येथे मुले मुलींकडे पाहत नाहीत, त्यांना ऐकतात. मुली आणि मुले दोघांनाही सामावून घेणारे ‘आपण’ या कथेत कोठे संभवत असेल, तर ते याच काही मिनिटांत. लगेचच मुले पुन्हा खिडकीशी येतात, सुटकेचे बेत आखतात आणि स्वतःला तारणहार समजू लागतात. ज्या रात्री ते मुलींना न्यायला येतात, त्या रात्री त्यांना कळते, की मुलींच्या मनात काय चालले होते याची त्यांना पुसटशीही कल्पना नव्हती.

तिसरी जागा अखेरच्या मेजवानीची. कारखान्याच्या सांडपाण्यामुळे तलावावर शेवाळ माजते, उपनगरभर दुर्गंधी पसरते. आणि एका श्रीमंत घरात ‘घुसमट’ याच कल्पनेवर आधारलेली हिरव्या रंगाची मेजवानी होते. पाहुणे तोंडावर वायुरोधक मुखवटे लावून येतात, विनोद करतात. लक्सने आईला सांगितलेली घुसमट येथे प्रौढांच्या करमणुकीचा विषय झाली आहे. आतापर्यंत प्रेक्षकाने ज्या समाजाच्या डोळ्यांनी मुलींचे सौंदर्य पाहिले, तो समाज हा आहे.

६

या चित्रपटावर घेतला जाणारा प्रमुख आक्षेप असा, की त्याने मुलींच्या मृत्यूला सौंदर्य बहाल केले. हा आक्षेप हलका नाही. संवेदनशील वयाच्या प्रेक्षकापर्यंत अशा प्रतिमा पोहोचतात तेव्हा त्यांचे काय होते, हा प्रश्न कलाविचाराच्या बाहेरचा म्हणून झटकता येत नाही. चित्रपटातील पांढरे झगे, विखुरलेली अत्तराच्या बाटल्यांची मांडणी, बिछान्यांवर एकमेकींना रेलून पडलेल्या बहिणी यांची अनुकरणे पुढे छायाचित्रणात, वेशभूषेत आणि संगणकीय माध्यमांत वारंवार झाली. या अनुकरणांत मुले नसतात, निवेदक नसतो, मैदानावरची पहाट नसते. फक्त सोनेरी धुके असते. चित्रपटाने जे स्वप्न तपासायला घेतले होते तेवढेच त्यातून वेगळे काढून विकले गेले. याची सर्व जबाबदारी चित्रपटावर टाकणे अन्यायाचे होईल. पण ते स्वप्न इतके मोहक करून ठेवल्याची काहीएक जबाबदारी त्याच्यावर राहतेच.

एका ठिकाणी मात्र चित्रपट मूळ कृतीहून निश्चित उणा पडतो. कादंबरीत मेरी त्या अखेरच्या रात्री वाचते. ती त्याच घरात आणखी काही आठवडे जगते आणि मग जाते. कथेच्या दृष्टीने हे आठवडे अडचणीचे आहेत. सामूहिक मृत्यूच्या दंतकथेत एक जिवंत मुलगी बसत नाही. मुलांनी मनाने पाचही मुलींना निरोप देऊन टाकलेला असताना त्यांच्यापैकी एक अजून समोरच्या घरात श्वास घेत असते. कोणी जाऊन तिचे दार वाजवू शकले असते. ज्यांनी तिच्या बहिणींच्या इतक्या वस्तू गोळा केल्या त्यांना जिवंत मेरीचे काय करावे हे सुचत नाही. ‘आम्ही’च्या प्रेमाची ही खरी परीक्षा होती आणि कादंबरी तीत त्यांना नापास करते. चित्रपटात मेरीही त्याच रात्री जाते. कथा आटोपशीर होते, परंतु मुलांवरचा सर्वांत कठोर आरोप त्यामुळे गळून पडतो.

७

निवेदक बदलला तर हीच कथा काय होऊ शकते, याचे उत्तर दुसऱ्या एका चित्रपटात मिळते. डेनिझ गम्झे एर्गुवेन या दिग्दर्शिकेचा ‘मस्टँग’ (२०१५) काळ्या समुद्राकाठच्या तुर्की गावात घडतो. येथेही पाच बहिणी आहेत, येथेही त्यांना घरात कोंडले जाते, खिडक्यांना गज बसतात, थोरल्या दोघींची लग्ने लावून दिली जातात, एक बहीण जीव देते. येथेही बहिणींचे लांब केस आणि खिडकीतून येणारे ऊन आहे. परंतु कथा सांगते ती सर्वांत धाकटी लाले. ती पाहते, हिशेब ठेवते, मोटार चालवायला शिकते आणि एका बहिणीला घेऊन इस्तंबूलला निघून जाते. कैद तीच आहे. गूढ मात्र नाहीसे झाले आहे. मुलीला काय वाटते हे कोडे फक्त बाहेरून पाहणाऱ्याला पडते. आतल्या व्यक्तीला ते कोडे नसून रोजचा व्यवहार असतो. लिस्बन मुलींच्या भोवतीचे गूढ हा त्यांच्या स्वभावाचा गुण नव्हता, निवेदनाच्या जागेचा परिणाम होता, हे ‘मस्टँग’मुळे अधिकच स्पष्ट होते.

मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ (१८९०–९३) या कादंबरीत एका पुरुष लेखकाने यमूच्या ‘मी’मध्ये शिरून तिचे बालपण, लग्न आणि वैधव्य सांगितले. युजेनिडीझ यांनी याच्या उलट मार्ग धरला. मुलीचा ‘मी’ उसना न घेता त्यांनी पुरुषाला तो ‘मी’ किती अगम्य राहतो हेच लिहिले. पहिल्या मार्गात सहानुभूतीची झेप आहे आणि दुसऱ्याच्या जागी बोलण्याचा धोकाही आहे. दुसऱ्या मार्गात मर्यादेची कबुली आहे आणि त्या कबुलीच्या आडून मुलीला कायमची मुकी ठेवण्याचा धोका आहे. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आले तेव्हा एक स्त्रीच स्त्रियांविषयी लिहीत होती. पण तिलाही विभावरी शिरूरकर या टोपणनावाआड जावे लागले आणि वाचकांची बरीच शक्ती पुस्तकात काय आहे यापेक्षा ते कोणी लिहिले या चर्चेत खर्ची पडली. मुलीने स्वतःच्या अनुभवाविषयी बोलताच ऐकणाऱ्यांचे लक्ष बोलण्यावरून बोलणारीवर सरकते, हा अनुभव उपनगरातील दुर्बिणींहून फार वेगळा नाही.

मराठी समीक्षेत ‘स्त्रीमनाचे हळुवार दर्शन’ ही शब्दयोजना अजूनही सैलपणे वापरली जाते आणि उत्तरपत्रिकांतून तर ती हमखास भेटते. दर्शन म्हटले की पाहणारा आला. तो कोठे उभा आहे, त्याला काय दिसू शकत नाही आणि त्याच्या दिसण्याचा मोबदला कोण देते, हे विचारल्याखेरीज ‘हळुवार’ हा शब्द प्रशंसेचा ठरू नये. लिस्बनांच्या समोरची मुलेही हळुवारच होती. त्यांनी कोणाला इजा केली नाही, कोणाची टवाळी केली नाही, आयुष्यभर आठवण ठेवली. तरीही पाचही मुलींपैकी एकीचेही म्हणणे त्यांच्याजवळ नाही.

माध्यमांतराच्या अभ्यासात कादंबरी व चित्रपट शेजारी ठेवून कोणते प्रसंग गाळले, कोणते घातले याची यादी करण्यावर बहुधा भर असतो. ‘द व्हर्जिन सुइसाइड्स’ शिकवताना त्या यादीच्या आधी सर्वनामाचा प्रश्न घेतला जावा. विद्यार्थ्यांना कादंबरीतील एखादे पान मराठीत करावयास द्यावे आणि प्रत्येक वाक्यापाशी ‘आम्ही’ की ‘आपण’ हे ठरवावयास सांगावे. रोजनिशीच्या वाचनापाशी, झाडाभोवतीच्या कड्यापाशी, दूरध्वनीवरील गाण्यांपाशी त्यांची लेखणी थांबेल. आणि मेरीच्या त्या उरलेल्या आठवड्यांपाशी पोहोचेपर्यंत मुलांच्या गटात राहावयाचे की नाही, हे त्यांना स्वतःलाच ठरवावे लागेल.